खांबाला काढलेला धूर

कोहका गावात धोंडबाला सगळे हवालदार म्हणत. हे त्याला बरं पडत होतं. हवालदार म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

घरमालक मारोतरावांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं. खोली दाखवताना, विहिरीच्या काठाशी उभं राहून, अगदी सहज.

"कोण म्हणाचे तुमी?"

"फौजी," धोंडबा म्हणाला.

"अन् फौजीच्या आंधी?"

"फौजीची जात फौजी, मारोतरावजी."

मारोतराव खो खो हसले. उत्तर त्यांना इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत त्यांनी ते आळीभर सांगितलं. धोंडबा खोटं बोलला नव्हता. पण त्या दिवसापासून चौदा महिने तो त्या हसण्याखाली राहत होता, माणूस टांगलेल्या गर्डरखाली राहतो तसा. दोर मजबूत आहे हे ठाऊक असतं. तरी मान आखडलेली राहते.

गर्डर टांगणं हेच त्याचं काम. पोलाद कारखान्याच्या नव्या शेडच्या तुळया चढवणाऱ्या खलाशांच्या, म्हणजे दोर-कप्पीवाल्या मजुरांच्या, टोळीचा तो मुकादम होता. साठ-सत्तर फुटांवर उभं राहून तो हाताच्या खुणांनी क्रेनशी बोलायचा. खालून रशियन साहेब अंगठा दाखवायचे. उंचीची भीती त्याला नव्हती. भीती सुरू व्हायची ती सुट्टीनंतर, सायकल कोहक्याच्या वाटेला लागली की.

कोहक्यात येण्याआधी तो आणि त्याची बायको शेवंता सुपेल्याला राहत होते, एका सायकल दुकानामागच्या खोलीत. अठराव्या दिवशी दुकानदाराला भंडाऱ्याकडचं कोणी भेटलं. धोंडबाचं गाव कळलं, मग गावातली आळी कळली. धोंडबा पाळीवरून आला तेव्हा भांडी रस्त्यावर होती आणि भर बाजारात शेवंता भांड्यांजवळ बसली होती. कोणी शिवी दिली नव्हती. तेच तिला जास्त लागलं. चार दिवस त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या आडोशाला काढले. पाचव्या दिवशी तिचं चार महिन्यांचं पोट पडलं.

आता तिला पुन्हा सातवा लागला होता.

तिचा भाऊ बळीराम नाल्यापलीकडे मजुरांच्या कँपात राहत होता. तिथे सगळे त्यांचेच लोक, कोणाला काही लपवायचं नव्हतं. पण पाणी नाल्याचं होतं, आणि मागच्या पावसाळ्यात तिथे तीन बाळंतिणी गेल्या होत्या. टाउनशिपच्या क्वार्टरसाठी अर्ज केलेला होता, नंबर लागायचा होता. तोवर ही खोली आणि ही विहीर. पोर जगेल तर इथे, असं धोंडबानं मनात धरलं होतं.

बळीराम टोमणे मारायचा. "भाऊजी, नागपूरले जाऊन दीक्षा घेतली तुमी, अन् कोहक्यात येऊन फौजी झाले. बुद्धाले काय सांगान?"

धोंडबा हसायचा नाही.

माघात मारोतरावांच्या मुलीचं, नलूचं लग्न ठरलं. मुलगा दुर्गचा. जुळवलं ते शामरावांनी. ते नवऱ्या मुलाचे मामा, कारखान्याच्या गेटावर टाइमकीपर. इंग्रजी वाचणारा माणूस म्हणून दोन्हीकडे त्यांचा शब्द चालायचा.

मारोतरावांच्या गावाकडे लग्नघराच्या भिंतीवर दाराच्या दोन बाजूंना दोन शिपाई रंगवायची रीत होती. खांद्यावर बंदूक, कानापर्यंत मिशा, दोन्ही पाय एकाच दिशेला. नवरीचं घर राखायला. एका रविवारी ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते आणि धोंडबा सायकलची साखळी चढवत होता.

"हवालदार, चित्रातले शिपाई कायले पायजे? माह्या घरात खराखुरा राह्यते. दारावर तुमच्या पलटणीचा बिल्लाच काढू. परातीएवढा. अन् वरात आली का तुमी वर्दी घालून दारात उभे राहाचे."

"वर्दी फाटली जी."

"टोपी तं हाय? शामरावले मी सांगून बसलो. म्हटलं, पितळेचा बिल्ला हाय आमच्या हवालदारचा. तो म्हणे, पाहू."

आतून मारोतरावांच्या बायकोचा, सिंधुताईचा आवाज आला. "अवो, त्यायले विचारा तं आंधी! सांगून बसले म्हणे. असेच हायेत हे, शेवंता. माह्या लग्नात घोड्यावर येतो म्हणून सांगून बसले होते. आले बैलबंडीनं."

"घोडा बिमार होता!"

"घोडा नव्हताच."

सगळे हसले. धोंडबाही हसला. हसताना साखळी त्याच्या हातातून सुटली.

बिल्ला ट्रंकेच्या तळाशी होता, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला. संध्याकाळी दार लोटून त्यानं तो काढला आणि चिमणीच्या उजेडात धरला.

हा बिल्ला त्याला कामठीला मिळाला होता, महायुद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी. सुभेदार देवाजींनी तो टेबलावर ठेवला होता आणि पोरांना भोवती उभं केलं होतं. ज्याले अक्षर येत नाही त्यानं हे वाचावं, असं ते म्हणाले होते. दोन मशीनगन, एकमेकींवर तिरप्या. ही आपली रोजी. पाण्यानं थंड राहणारी गन, लढाईत तहानेनं मेलात तरी चालेल, बाटलीतलं पाणी आधी तिला. मधे उभा तो कोरेगावचा खांब, भीमेच्या काठचा, दगडी. तिथे पडलेल्या आपल्या माणसांची नावं त्याच्यावर कोरलेली आहेत. गावात ज्यांना नावानं कोणी हाक मारत नव्हतं, त्यांची. आणि खाली पट्टी. आपण कोण, ते पट्टीत.

पट्टीत इंग्रजी अक्षरं होती. द महार एम. जी. रेजिमेंट.

त्या दिवशी धोंडबाची छाती भरून आली होती. मराठे, जाट, शीख, सगळेच आपापलं नाव कपाळावर लावून हिंडतात. आता आपणही. पलटणीत असताना हे खरंच वाटायचं. फाळणीच्या वर्षी पंजाबात निर्वासितांच्या काफिल्याबरोबर चालताना एका म्हातारीनं त्याच्या हातून पाणी प्यायलं होतं आणि बिल्ल्याला बोट लावून विचारलं होतं, हा कोणता देव? सुपेल्याला त्याला फरक कळला. बाकीच्यांना आपापलं नाव सांगून खोली मिळते.

"कामावरून कानस आना," शेवंता म्हणाली. "नाव घासून टाका."

"नाव गेलं तं उरते काय?"

"आपण उरतो." तिनं पोटावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कानस आणली. बिल्ला मांडीवर घेतला, पट्टीच्या टोकाशी कानस टेकवली आणि एकदा ओढली. पितळेची पिवळी भुकटी धोतरावर पडली. तो ती भुकटी पाहत राहिला. दगडावरून कोणाचं तरी नाव आपण घासतो आहोत, असं त्याला वाटलं, आणि ज्याचं नाव तो आता मागे वळून पाहील, असंही. त्यानं कानस बाजूला ठेवली. मग वहीच्या कागदावर त्यानं स्वतःच बिल्ला काढला. खांब काढला, गन काढल्या, पट्टी कोरी ठेवली. हा कागद मारोतरावांना द्यायचा. खांब कोहक्यात कोण ओळखणार?

भिंती रंगवणारा फकिरा सकाळी आला. गेरू, नीळ, चुना आणि काजळीची चार मडकी घेऊन तो बाकावर चढला आणि कागद उलटासुलटा करून पाहू लागला.

"हे काय जी, दोन पाने हायेत का? नट कसाचे?"

"मशीनगन हाय," धोंडबा म्हणाला.

"अन् मधातलं?"

धोंडबानं कागद परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात मारोतराव पुढे आले.

"अरे येड्या, आपल्या कारखान्याचा धुराडा नाही ओळखत? खाली मशिना, मधात धुराडा. काय हवालदार?"



"धुराडा हाय तं धूर कावून नाही?" फकिरा म्हणाला.

"राहून गेला असन. काढ धूर. चांगला काळा काढ. सुपेल्यातून दिसला पायजे."

फकिरानं कुंचला काजळीत बुडवला आणि खांबाच्या टोकातून धुराची तीन वेटोळी काढली, पोळ्याच्या बैलाची शिंगं रंगवावीत तशी, रमत गमत. धोंडबा खाली उभा होता. आता ह्या जगात कोणीच तो खांब ओळखणार नव्हतं. तो वाचला होता. इतका वाचला होता की तिथे उभं राहवेना; तो घराआड निघून गेला.

परत आला तेव्हा आळीतली पोरं भिंतीला सलाम ठोकत होती आणि फकिरा पट्टीशी अडला होता.

"पट्टी कोरी कशी ठेवू जी? कोऱ्या पट्टीवर दृष्ट बसते."

"आमच्या आबाचं नाव टाक मंग," मारोतराव म्हणाले. "श्री रामाजी पाटील. मोठ्या अक्षरात."

फकिरानं कुंचला उचलला. आणि धोंडबाची मूठ वर गेली. कामावर तुळई चुकीच्या जागी उतरू लागली की क्रेन थांबवायला जाते, तशी. त्यानं ठरवलं नव्हतं. हात आपणहून गेला होता. फकिरा कुंचला हवेत धरून थांबला.

"काय झालं?"

"नाव नका टाकू."

मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग फकिराला म्हणाले, "जा, आत चहा घे." तो गेल्यावर ते जवळ आले. रागावले नव्हते. थोडे दुखावले होते.

"कावून जी? आबाचं नाव तुमच्या बिल्ल्याले चालत नाही का?"

"तो धुराडा नोहे, मारोतरावजी. खांब हाय. लढाईत पडलेल्या शिपायायचा."

"मंग तं अजून चांगलं! कोणते शिपाई?"

विहिरीवर शेवंता घागर भरत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं धोंडबाकडे पाहून हळूच मान हलवली. नाही. नाही. त्याला तिचं पोट दिसत होतं, घागर दिसत होती, आणि मारोतरावांच्या डोक्यामागे ती तीन काळी वेटोळी दिसत होती. तो आताही काहीही सांगू शकला असता.

"माहे लोक," तो म्हणाला. "महार."

आता भांडी बाहेर येणार. कोणतं भांडं आधी, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

मारोतरावांनी विहिरीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. मग स्वतःच्या हातांकडे.

"हळू," ते म्हणाले. "हळू बोला. कोणाकोणाले ठाऊक हाय?"

"आता तुमाले."

"सिंधूले सांगू नका. कोणालेच नका सांगू. माही पोरगी हाय, हवालदार. पाच दिवसांवर लगन आलं. तुमाले आज काढलं तं आळी विचारन, कावून काढलं. चौदा महिने एका विहिरीचं पाणी प्यालो आमी. व्याह्याले कळलं तं वरात वेशीवरून परतन."

धोंडबानं शिव्यांची तयारी ठेवली होती. मारोतरावांच्या तोंडावर आपलंच तोंड दिसेल, याची नव्हती. तोच घाम, तीच रस्त्याकडे जाणारी नजर. चौदा महिने त्यानं एकट्यानं वाहिलेली वस्तू जणू क्षणात दुसऱ्याच्या डोक्यावर गेली होती, आणि त्याच्या डोक्यावरची मात्र तसूभरही हलकी झाली नव्हती.

"मी नाही उभा राहत दारात," तो म्हणाला.

"राहा लागन! शामरावले सांगून बसलो मी. टोपी घाला, बिल्ला काढून ठेवा."

"बिल्ल्याबिगर टोपी घालत नाही मी."

"तो इंग्रजी वाचते!" मारोतराव कुजबुजत ओरडले. मग त्यांना काहीतरी सुचलं. "सलाम करत राहा. एकसारखा. हातानं झाकून जाईन."

"सलाम उजव्या हातानं होते जी. बिल्ला डाव्या बाजूले राह्यते."

मारोतराव ओट्यावर बसले. फकिरा मिशा पुसत बाहेर आला. "काय लिवू मंग?"

"काई नको. कोरी राहू दे."

"दृष्ट बसन जी."

"बसू दे."

हवालदार दारात नसता तर शामरावांनी विचारलं असतं, म्हणून मारोतरावांनी शेवटी बिल्ल्यासकटची टोपी कबूल केली. वरात दुपार उतरता आली. बाजा सुपेल्याकडून ऐकू येऊ लागला तेव्हापासून धोंडबा दारात उभा होता. इस्त्री केलेला खाकी सदरा, टोपी, डाव्या भुवईवर बिल्ला. शेवंतानं तो चिंचेनं घासून दिला होता. एक शब्द न बोलता. घासून झाल्यावर म्हणाली होती, "गाठोडं बांधून ठेवलं हाय मी."

शामराव वरातीच्या पुढे होते. अंगावर कोट, चष्म्याला दोरी. रोज सकाळी गेटावर हजार माणसांचे बिल्ले-नंबर वाचायची त्यांची सवय. वाचताना बोट फिरवायचे. मारोतराव कुंकवाचं ताट घेऊन पुढे झाले, पण शामरावांचं लक्ष दारावरच्या चित्राकडे गेलं होतं. मग खाली, हवालदाराकडे.

"हाच का तो बिल्ला?"

त्यांनी चष्मा वर केला. बोट टोपीपाशी आणलं. धोंडबा ताठ उभा होता, नजर समोर, पलटणीत शिकवल्यासारखी. समोर बाजेवाल्याचे फुगलेले गाल होते. शामरावांचे ओठ हलत होते. बोट पट्टीखाली सावकाश सरकलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा सरकलं. 

बोट खाली गेलं. शामरावांनी भिंतीवरचा धूर पाहिला, कोरी पट्टी पाहिली, मारोतरावांचं तोंड पाहिलं. त्यांना सगळं समजलं. ते धोंडबाच्या इतक्या जवळ आले की अत्तराचा वास नाकात गेला.

"हे लगन मी जमवलं हाय," ते पुटपुटले. "घर पाहून देल्लं, असं बहिणीले सांगतलं मी."

"होय जी."

"तू बोलशीन का कोणाजवळ?"

"नाही."

"मी बी नाही."

मग वळून त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांचा आवाज बाज्यावर चढला. "मोठी पलटण हाय भाऊ, लढाईतली पलटण! चला, चला, मुहूर्त टळून राहिला!"

लग्न लागलं. शामराव जेवले नाहीत. पोट बिघडलं आहे म्हणाले. पाणीही घेतलं नाही. सिंधुताईनं लिंबू कापून दिलं, ते हातात धरून संध्याकाळपर्यंत बसले.

त्यानंतर धोंडबाला कोणी खोली सोडायला सांगितलं नाही. शेवंताचं गाठोडं आठ दिवस तसंच राहिलं, मग सुटलं. भिंतीवर चुना फिरवायचीही मारोतरावांना सोय नव्हती, आळीनं विचारलं असतं. विहिरीच्या पाण्यानं आपल्याला वायू होतो असं सांगून ते सायकलवर डबा बांधून टाउनशिपच्या नळावरून आपल्यापुरतं पाणी आणू लागले. सिंधुताई हसायची. "सासरा झाले नं आता, साहेबायचं पाणी लागते." नलूचं पत्र आलं की ते पोस्टमनच्या हातून घ्यायला धावत, आणि फोडायला घाबरत. शामरावांच्या मनात काय आहे, कधी त्यांची जीभ सैल सुटेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आणि धोंडबा आला की मारोतराव ओट्यावरून उठून उभे राहत. मानानं नाही. गन हातात नसताना आपल्याला कोणी भिऊ शकतं हे धोंडबाला पहिल्यांदा कळत होतं. त्याला ते आवडलं नाही. आपल्याला भिणारा माणूस काय करील, ते सांगता येत नाही.

चैत्रात, भर दुपारी, शेवंताच्या पोटात दुखू लागलं. सुईण दुसऱ्या गावाला गेलेली. बहिणीला भेटायला आलेला बळीराम डॉक्टर आणायला धावला. सिंधुताईनं पदर खोचला.

"सिंधू, तू नको जाऊ," मारोतराव म्हणाले.

"कावून?"

त्यांनी अडकित्ता उचलून खाली ठेवला.

"बाई अडली हाय अन् नको जाऊ म्हणता? उन्हात डोकं फिरलं का?" ती धोंडबाच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दोघे पुरुष ओट्यावर बसले. मधे दोन हातांचं अंतर. आतून शेवंताचं कण्हणं येत होतं, सिंधुताईचं "जोर लाव माय, जोर लाव" येत होतं. कारखान्याचा दोनचा भोंगा झाला. मागच्या वेळी सिमेंटच्या पोत्यांआड शेवंतानं आवाजही केला नव्हता. धोंडबानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

मग रडणं आलं. बारीक, चिडलेलं, जिवंत.

"पोरगी हाय, हवालदार!" सिंधुताई आतून ओरडली. "माय-लेकी बऱ्या हायेत. अवो, तुमी काय बसले? घागरभर पाणी आना विहिरीचं, मी इलेबी धुतो, मलेबी हात धुवाचे हायेत."

मारोतराव जागचे हलले नाहीत. धोंडबा उठू लागला तसं त्यांनी त्याच्या दंडाला धरून बसवलं, आणि लगेच हात काढून घेतला. ते विहिरीवर गेले. पोहरा सोडला, ओढला, घागर भरली. दाराशी ठेवली. सिंधुताईचा रक्तानं भरलेला हात बाहेर आला आणि घागर आत घेऊन गेला. त्या हाताकडे मारोतराव पाहत राहिले. मग येऊन पुन्हा ओट्यावर बसले. या वेळी अंतर थोडं कमी होतं, किंवा त्यांचं लक्ष नव्हतं.

"तिले सांगा लागन," ते म्हणाले.

"मी सांगीन. तुमी नका सांगू."

"कवा?"

धोंडबानं रडणं ऐकलं. "पोरगी जराशी मोठी होऊ द्या."

मारोतरावांनी मान हलवली.  मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "किती मोठी?"

 आत पोरगी रडत होती, आणि दोघेही तिच्या आवाजाला भिऊन बसले होते.